एका 'थिंग'ची गोष्ट

इंग्रजीचे पहिले पुस्तक हाती घेतलेल्या मुलाला 'थिंग' म्हणजे काय, असे विचारा. 'वस्तू!' असे तो चटकन सांगेल. त्याचे काही चुकले नाही. पण तेराशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या केंट प्रांतात हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर निराळे मिळाले असते. सातव्या शतकात केंटच्या लोथेअर आणि एड्रिक या राजांनी जे कायदे केले, त्यांत 'थिंग' हा शब्द आहे. आणि तिथे त्याचा अर्थ आहे सभा. तंटा घेऊन जिच्यापुढे जायचे, ती सभा.

मग सभेची वस्तू झाली कशी? त्याचं असं झालं. सभेपुढे येणाऱ्या खटल्यालाही लोक 'थिंग' म्हणू लागले. खटल्यावरून कोणतीही बाब, आणि बाबीवरून कोणतीही वस्तू. सभा उठून गेली आणि तिच्या जागी टेबल-खुर्ची येऊन बसली, म्हणा ना! फ्रेंचांचेही तसेच. लॅटिनमध्ये 'काउसा' म्हणजे खटला. त्यापासून फ्रेंच 'शोज' निघाला, त्याचा अर्थ वस्तू.

उत्तरेकडच्या देशांनी मात्र जुना अर्थ सोडला नाही. आइसलंडात इ. स. ९३० च्या सुमारास साऱ्या बेटाची सभा, 'आल्थिंग', उघड्या माळावर भरू लागली. कायदे तेव्हा लिहिलेले नव्हते. एक जाणता अधिकारी दरवर्षी एक तृतीयांश कायदे सर्वांपुढे तोंडपाठ म्हणून दाखवी. तीन वर्षांत सगळे पुरे. मध्यंतरी बंद पडलेली ही सभा १८४५ साली पुन्हा सुरू झाली. आज त्या देशाची संसद तीच. डेन्मार्कचे 'फोल्केटिंग' आणि नॉर्वेचे 'स्टोर्टिंग' यांतले 'टिंग'ही हेच.

इंग्रजीतही एका कोपऱ्यात जुना अर्थ टिकून आहे. 'हस्टिंग्ज' हा शब्द निघाला 'हाउस-थिंग'पासून, म्हणजे सरदाराने आपल्या घरच्या माणसांची भरवलेली सभा. पुढे ते लंडनच्या एका न्यायसभेचे नाव झाले. मग उमेदवार ज्यावर उभे राहून बोलत त्या मचाणाचे. १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि मचाण गेले. शब्द मात्र राहिला. ब्रिटनमध्ये उमेदवारांच्या सभांना आजही हस्टिंग्ज म्हणतात.

हे ऐकून आपण नवल करायचे कारण नाही. पंचांची सभा ती पंचायत. पण 'माझी मोठी पंचायत झाली' असे आपण म्हणतोच की! आणि 'गोष्ट' हा शब्द पहा. संस्कृतात 'गोष्ठी' म्हणजे सभा, तसेच तिथले बोलणे. मराठीत तिची 'गोष्ट' झाली. ती आजी सांगते तीही, मनाला लागते तीही आणि बाजारातून आणायची राहिली तीही.

इंग्रजी आणि मराठी यांनी एकमेकींना विचारून हे केलेले नाही. तरी दोघींनी सांगितले ते एकच: चार माणसे एकत्र बसून जिच्याविषयी बोलतात, ती गोष्ट.