कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास...

फेब्रुवारी २०१९ मधली गोष्ट. वेस्ट इंडीजमधील सेंट लुशिया बेटावर इंग्लंडचा तिसरा कसोटी सामना चालू होता. मालिका इंग्लंडच्या हातून आधीच गेली होती. कर्णधार ज्यो रूट खेळपट्टीवर ठाण मांडून होता आणि शॅनन गॅब्रिएल हा त्रिनिदादचा धिप्पाड वेगवान गोलंदाज त्याच्यावर मारा करीत होता. दोघांत काही बोलाचाली झाली. गॅब्रिएल काय म्हणाला, ते घरी टीव्हीसमोर बसलेल्यांना ऐकू आले नाही. स्टम्पमधल्या माइकने टिपले ते फक्त रूटचे उत्तर : 'हे शिवीसारखे वापरू नकोस. समलिंगी असण्यात काही गैर नाही.'

मैदानावरच्या शेरेबाजीचे किस्से आपल्याकडे चवीने सांगितले जातात. त्यांत बहुधा टोमणा मारणारा हिरो असतो आणि ज्याला तो लागला त्याचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. येथे टोमणा हवेत विरला आणि उत्तर जगभर गेले. दिवसाचा खेळ संपल्यावर पत्रकारांनी रूटला छेडले, तर त्याने तक्रारीचा सूरही काढला नाही. माणसे मैदानावर कधी कधी पुढे पश्चात्ताप होईल असे बोलून जातात, ते मैदानावरच राहावे, इतकेच तो म्हणाला. आरोप ठेवला तो पंचांनी. गॅब्रिएलने तो मान्य केला. सामन्याच्या मानधनातील ७५ टक्के रक्कम कापली गेली, आणि आधीच्या वर्तनाचे दंडगुण खात्यावर साठलेले असल्यामुळे चार एकदिवसीय सामन्यांची बंदीही आली.

मग गॅब्रिएलने निवेदन काढले. खेळाडूंच्या माफीनाम्यांत हे मला वेगळे वाटते, कारण त्याने जगाला ऐकू न आलेले आपले वाक्य स्वतःच सांगून टाकले. आपण तणावाखाली होतो, रूट रोखून पाहत होता, तेव्हा आपण त्याला विचारले, 'माझ्याकडे पाहून का हसतोस? तुला मुलगे आवडतात का?' त्रिनिदादमध्ये एकमेकांची टोपी उडवण्याच्या बोलण्याला 'पिकाँग' म्हणतात. आपले बोलणे म्हणजे तसेच निरुपद्रवी पिकाँग आहे, असे आपल्याला वाटले. ते अपमानकारक होते हे आता कळले, असे त्याने लिहिले आणि रूटचे नाव घेऊन विनाअट क्षमा मागितली.

हा प्रसंग जेथे घडला, त्या बेटाचा कायदा काय होता, तेही पाहायला हवे. सेंट लुशियात तेव्हा समलिंगी संबंध हा गुन्हा होता. तेथील न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला जुलै २०२५ मध्ये. म्हणजे रूटने जे वाक्य उच्चारले, ते त्या भूमीच्या कायद्याला तेव्हा मान्य नव्हते. आपणही फार पुढे होतो अशातला भाग नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाचा हा फास सैल केला ६ सप्टेंबर २०१८ रोजी, त्या कसोटीच्या जेमतेम पाच महिने आधी.

कायदा एका दिवसात बदलतो, जिभेचे तसे नसते. आपल्या कुठल्याही गल्लीत, शाळेच्या मैदानावर वा क्लबाच्या नेटमध्ये तासभर उभे राहावे. झेल सोडणाऱ्याला 'बायल्या' म्हणतात. चेंडू अंगावर आल्यावर मागे सरणाऱ्याला 'बांगड्या भर' म्हणून सांगतात. (मोर्चे नेऊन अधिकाऱ्यांना बांगड्यांचा आहेर करणारे आमचे पुढारी तरी दुसरे काय करतात? आणि त्यात बायकाच पुढे असतात, हे आणखी विशेष.) हिंदी समालोचक ज्या शब्दाने षटकाराचे स्वागत करतो, तोच शब्द चालण्या-बोलण्यात जरा नाजूक असलेल्या मुलाच्या पाठीमागे गल्लीभर फिरतो. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही नसते, हे खरे. पण त्याच मैदानावर चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा उभा असतो. आपण इतर मुलांसारखे नाही, हे त्याला नुकतेच उमगू लागलेले असते आणि ते कुणाला सांगायची सोय नसते. त्या मुलाला एवढे नक्की कळते की, आपण जे आहोत ते या मैदानावर झेल सोडण्याइतके लाजिरवाणे आहे.

व्यावसायिक खेळांत पैसा आला, कॅमेरे आले, पुरस्कर्ते आले आणि अशा शब्दांवर दंड बसू लागला. त्याबरोबर माफीचा एक साचाही तयार झाला. साचा आपल्या ओळखीचा आहे. कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत! आपल्याकडे नाटकापासून भाषणापर्यंत कशावरूनही वादळ उठले की हेच वाक्य येते. यातला 'असल्यास' हा शब्द मोठा कामाचा आहे. दुखावले गेलेले कुणी आहे की नाही, हेच तो अनिश्चित करून टाकतो.

अमेरिकेच्या बास्केटबॉलमधील कोबी ब्रायंट हा आपल्याकडेही माहीत असलेला खेळाडू. १२ एप्रिल २०११ रोजी पंचांनी त्याच्याविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा बाकावर बसून तो पंचांच्या नावाने ओरडला आणि समलिंगी पुरुषांना हिणवण्यासाठी वापरली जाणारी शिवी त्याने हासडली. ती येथे छापण्याजोगी नाही. कॅमेरा त्याच्या तोंडावरच होता. एन.बी.ए. या संघटनेने दुसऱ्याच दिवशी एक लाख डॉलर दंड ठोठावला. त्या वेळच्या दराने हे साधारण ४४ लाख रुपये होतात. आकडा डोळे दिपवणारा खरा. पण त्या हंगामाचा त्याचा पगार अडीच कोटी डॉलरच्या घरात होता. वर्षाला दहा लाख मिळवणाऱ्या गृहस्थाला चार हजारांचा दंड व्हावा, तसे हे झाले. हे शब्द समलिंगी समाजाविषयीच्या माझ्या भावना नव्हेत, असे ब्रायंटने जाहीर केले.

दीडच महिन्यात शिकागोचा जोआकिम नोआ एका प्रेक्षकाला तेच म्हणाला. त्याला दंड झाला ५० हजार डॉलर. निम्माच का, असे विचारल्यावर संघटनेने खुलासा केला की, ब्रायंटच्या दंडात पंचांना शिवीगाळ केल्याबद्दलची रक्कमही धरलेली होती. पंचांच्या मानाचा हिशेब वेगळा आणि ज्यांच्या नावाची शिवी केली त्यांचा वेगळा, असा तो चोख जमाखर्च!

बेसबॉलमध्ये २०१२ साली टोरांटोच्या संघातील क्यूबाचा युनेल एस्कोबार डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर स्पॅनिशमधील तसाच शब्द लिहून मैदानात उतरला. तीन सामन्यांची बंदी आली. पत्रकार परिषदेत दुभाष्यामार्फत त्याने सांगितले की, आमच्याकडे हा शब्द सहज वापरतात, त्याला काही अर्थ नसतो. शिवाय माझे घर सजवणारा समलिंगी आहे, माझे केस कापणाराही आहे, अशी पुस्तीही जोडली. 'आमच्यात असेच बोलतात' हे समर्थन आपल्यालाही नवे नाही. शब्दाला अर्थ नसता तर त्याने तो डोळ्यांखाली लिहिला असता का, हा प्रश्न उरतोच.

सर्वांत गाजली ती समालोचक थॉम ब्रेनमन यांची माफी. १९ ऑगस्ट २०२० रोजी सिनसिनाटी रेड्स या बेसबॉल संघाच्या सामन्यात, आपला माइक चालू आहे याची कल्पना नसताना, एका शहराविषयी बोलताना त्यांच्या तोंडून तीच शिवी गेली. काही वेळाने, पुढच्या सामन्याचे वर्णन चालू असतानाच, त्यांनी क्षमा मागायला सुरुवात केली. आपण बोललो ते 'बहुधा प्रक्षेपित झाले' असे म्हणून त्यांनी लाज वाटत असल्याचे सांगितले. इतक्यात कास्तेयानोस या फलंदाजाने चेंडू सीमेपार भिरकावला. ब्रेनमन यांनी श्वास न घेता त्या फटक्याचे वर्णन केले, नवी धावसंख्या सांगितली आणि पुन्हा माफीकडे वळले. लोक या ध्वनिफितीवर अजून हसतात. मला मात्र त्यांनी घेतलेल्या नावांचा क्रम लक्षात राहिला. पगाराच्या धनादेशावर सही करणारे, संघ, वाहिनी, सहकारी आणि शेवटी 'ज्या कुणाला दुखावले असेल ते'. बोलताना तोल गेलेल्या माणसाला क्रम सुचत नाही, हे मान्य. पण मनात जो आधी असतो तोच तोंडी आधी येतो. पुढच्या महिन्यात त्यांनी पद सोडले.

हे 'ज्या कुणाला' म्हणजे कोण, याचे उत्तर एकदा अगदी अवचित मिळाले.

३ डिसेंबर २०१५. मेक्सिको सिटीत सॅक्रामेंटो किंग्ज आणि बोस्टन सेल्टिक्स यांचा बास्केटबॉलचा सामना होता. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्या संघाचे प्रमुख मालक, तोच हा सॅक्रामेंटोचा संघ. त्यांचा खेळाडू राजॉन राँडो याला पंच बिल केनेडी यांनी मैदानाबाहेर काढले. जाता जाता राँडोने त्यांना तीच शिवी दिली. संघटनेने चौकशी करून एका सामन्याची बंदी घातली. प्रकरण येथेच मिटले असते. पण काही दिवसांनी केनेडी यांनी एका पत्रकाराला सांगितले की, मी पंच आहे याचा मला अभिमान आहे आणि मी समलिंगी आहे याचाही. खेळातल्या तरुण मुला-मुलींना आपण कोण आहोत याची लाज वाटू नये, म्हणून आपण बोलतो आहोत, असेही ते म्हणाले.

राँडोने लगोलग चार ओळी लिहिल्या. रागाच्या भरात झाले, माझ्या भावना तशा नाहीत, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. तोच साचा. पण या वेळी तो अपुरा पडला, आणि दुसऱ्या दिवशी संघामार्फत अधिक रीतसर माफी द्यावी लागली. कारण उघड होते. 'कुणाला' हे सर्वनाम आता चालण्यासारखे नव्हते. दुखावला गेलेला माणूस शिट्टी गळ्यात घालून दोन हातांवर उभा होता, त्याला नाव होते, आणि तो अनेक वर्षे याच मैदानांवर अशी भाषा कानाआड करीत आला होता. केनेडी बोलले नसते, तर पहिल्या चार ओळी पुरेशा ठरल्या असत्या.

ते इतकी वर्षे का बोलले नाहीत, असे विचारणाऱ्याने जस्टिन फॅशनूची कहाणी वाचावी. इंग्लंडमधील हा उमदा फुटबॉलपटू १९८१ साली दहा लाख पौंडांना नॉटिंगहॅम फॉरेस्टने घेतला. एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश खेळाडू. प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांनी त्याच्या समलिंगी मंडळींच्या क्लबात जाण्यावरून त्याला टाकून बोललेले शब्द पुढे आत्मचरित्रातही नोंदवले. १९९० मध्ये फॅशनूने स्वतःविषयी जाहीरपणे सांगितले. प्रेक्षकांनी हुर्यो केली, सख्ख्या भावाने वृत्तपत्रातून त्याला परके केले. मे १९९८ मध्ये लंडनमध्ये त्याने आत्महत्या केली, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. अमेरिकेत त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप झालेला होता, तो त्याने चिठ्ठीत नाकारला होता. भावाने पुढे पश्चात्ताप व्यक्त केला, क्लफ यांनीही खंत बोलून दाखवली. ती ऐकायला फॅशनू नव्हता. इंग्लंडमध्ये त्याच्यानंतर खेळत असतानाच असे सांगणारा व्यावसायिक फुटबॉलपटू, ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, पुढे आला तो मे २०२२ मध्ये.

आपल्याकडे धावपटू द्युती चंदने मे २०१९ मध्ये आपल्या जोडीदार मुलीविषयी मोकळेपणाने सांगितले, तेव्हा तिला गावातून आणि घरातूनही विरोध सोसावा लागला. भारताकडून कसोटी खेळलेल्या एकाही पुरुष क्रिकेटपटूने स्वतःविषयी असे सांगितलेले नाही. इतक्या वर्षांत, इतक्या खेळाडूंत असा एकही नसेल, हे गणित पटत नाही.

मग माफी मागूच नये की काय? तसे नाही. ब्रायंटचेच पाहा. २०१३ साली ट्विटरवर कुणीतरी 'गे' हा शब्द दुसऱ्याला हिणवण्यासाठी वापरला, तेव्हा हे बरे नव्हे, हा शब्द असा वापरू नकोस, असे त्याने त्या चाहत्याला सुनावले. लोकांनी लगेच त्याचे जुने पाप उकरून काढले. त्यावर तो म्हणाला, बरोबर, ते माझे अज्ञान होते, मी त्यातून शिकलो आणि इतरांकडूनही तीच अपेक्षा आहे. यात 'असल्यास' नव्हते, आणि या वेळी त्याच्यामागे दंडाची पावती घेऊन कुणी उभेही नव्हते. २०२० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात त्याचा मृत्यू झाला.

आइस हॉकीतील अँड्र्यू शॉची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. एप्रिल २०१६ मध्ये शिक्षा म्हणून बाहेर बसवल्यावर तो तीच शिवी ओरडला. सामन्यानंतर आपल्याला काही आठवत नाही म्हणाला. रात्री चित्रफीत पाहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याने मान्य केले की आपल्याला झोप लागली नाही. एक सामना बंदी, पाच हजार डॉलर दंड. पुढे तो माँट्रियलच्या संघात गेला आणि समलिंगी खेळाडूंना मैदानावर सन्मानाने वावरता यावे म्हणून झटणाऱ्या 'यू कॅन प्ले' या संस्थेचा तिथला प्रतिनिधी झाला.

आणि केनेडी? त्यांनी शिट्टी खाली ठेवली नाही. अलीकडे एन.बी.ए.चे पंच चित्रफीत पुन्हा पाहून दिलेला निर्णय माइकवरून साऱ्या प्रेक्षागृहाला समजावून सांगू लागले. त्यात केनेडी यांची ठसक्यात, जरा नाटकी ढंगाने बोलण्याची लकब प्रेक्षकांना इतकी आवडली की, निर्णय आपल्या संघाच्या विरोधात गेला तरी लोक टाळ्या वाजवताना दिसले.