पाच लाखांचं कार्ड आणि रोजची गोळी : आरोग्य विमा सर्वांपर्यंत कसा पोहोचेल?

(खारी, भाईंदर पूर्व येथील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय कागदावर जरा जड दिसतो : राष्ट्रीय आरोग्य विम्याची रचना. पण खरा प्रश्न साधा आहे. घरात कुणी आजारी पडलं तर पैसे कुणी भरायचे, आणि ते आधीपासून कसे जमवून ठेवायचे? श्रीमंत देशांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. आपला देश, थायलंड, फिलिपिन्स, घाना हे मधल्या उत्पन्नाचे देश. अगदी हात रिकामे नाहीत, पण तिजोरी ओसंडूनही वाहत नाही. अशा देशांत विम्याची मांडणी कशी केली, यावर सगळं ठरतं.

सुरुवात भिशीपासून करू. भिशी आपल्याला सगळ्यांना कळते. दहा जण महिन्याला हजार रुपये काढतात, दर महिन्याला एकाला दहा हजार मिळतात. दहा महिन्यांत ज्याचे त्याला परत. विमा वरून तसाच दिसतो, पण त्यात पैसे सगळे भरतात आणि ज्याच्यावर वेळ येते त्यालाच ते मिळतात. म्हणून विम्यात एक पथ्य भिशीपेक्षा कडक पाळावं लागतं, ते म्हणजे सगळ्यांनी आत असणं. धडधाकट माणूस म्हणाला, ‘मला काय गरज?’ आणि बाहेर राहिला, की आत आजारी तेवढे उरतात. मग हप्ता वाढतो. हप्ता वाढला की आणखी काही जण गळतात. मुख्यतः ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेल्या विम्यातून कुठल्याही देशाने आपली सगळी जनता विम्याखाली आणलेली नाही, त्याचं कारण हे आहे.

पहिली वाट : पगारातून कापणी

सगळ्यांना आत आणायची सर्वांत जुनी युक्ती म्हणजे पगारातूनच पैसे कापून घेणे. जर्मनीने १८८३ साली हे सुरू केलं. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. ब्रिटनमधल्या बेव्हरिज अहवालाचा तो काळ, म्हणून आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणत. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. हीच आपली ईएसआय.

हिचा हिशोब बघा. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. अठरा हजार पगार असेल तर कामगाराचे १३५ रुपये, मालकाचे ५८५. महिन्याला एकूण ७२०. बदल्यात काय मिळतं? साधा ताप असला तरी दवाखाना, औषधं, दाखल होण्याची सोय, तीही कुटुंबासकट. शिवाय आजारपणात काम बुडालं तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम, आणि बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा. कागदावर तरी यापेक्षा भरीव आरोग्य विमा आपल्या कामगारवर्गासाठी नाही. दवाखान्यांची अवस्था, रांगा, औषधांचा तुटवडा याच्या तक्रारी आहेत, त्या मी नाकारत नाही. आत्ता आपण मांडणीबद्दल बोलतोय.

पण या मांडणीची एक अडचण आहे. ती समजायला लांब जायला नको, भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत एक चक्कर मारली तरी पुरे. स्टीलच्या भांड्यांचे गाळे. कुठे दाबकाम, कुठे घासकाम, कुठे पॉलिश. ईएसआय लागू व्हायला दहा किंवा त्याहून जास्त कामगार लागतात. गाळ्यात सहाच जण असले, किंवा कागदावर सहाच दाखवले, की सगळे बाहेर. पगाराचीही मर्यादा आहे. २०१७ पासून ती महिना २१ हजार आहे. पगार त्यावर गेला की ती सहामाही संपताना माणूस योजनेतून बाहेर पडतो. आणि रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया, उत्तनचे मच्छीमार, नाक्यावरचे बिगारी? त्यांना मालकच नाही, किंवा चार-पाच मालक आहेत. कापायचं कुणाच्या पगारातून?

मधल्या उत्पन्नाच्या देशांची ही मूळ अडचण आहे. जर्मनीची युक्ती चालली, कारण तिथे उद्योग वाढत गेले आणि माणसं पगाराच्या नोंदीत येत गेली. आपल्याकडे बहुसंख्य कामकरी या नोंदीच्या बाहेर आहेत. घानाने २००३ साली राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला. त्यांनी ओळखलं की नुसत्या हप्त्यावर भागणार नाही, म्हणून विक्रीकरावर अडीच टक्के आरोग्य अधिभार लावला. पैसा मुख्यतः तिथून येऊ लागला. तरी सभासदत्व दरवर्षी नव्याने करायची अट ठेवली आणि नूतनीकरणाच्या वेळी बरेच लोक गळू लागले. म्हणजे पैशाची सोय झाली, पण दार अरुंदच राहिलं.

दुसरी वाट : हप्ता सरकारने भरायचा

महाराष्ट्रात १९९७ साली जीवनदायी योजना आली, ती निवडक मोठ्या आजारांपुरती. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई त्या आठांत होती, आपला ठाणे जिल्हा नव्हता. दहिसर नाक्याच्या पलीकडे योजना, अलीकडे नाही! २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर झाली. पिवळं रेशनकार्ड असलेली आणि लाखापर्यंत उत्पन्नाची केशरी कार्डवाली कुटुंबं, वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार, ९७१ प्रकारच्या प्रक्रिया. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०१८ साली केंद्राची पाच लाखांची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. २०२३ साली राज्याने ठरवलं की कार्ड पांढरं असो, केशरी असो, सगळी कुटुंबं आत घ्यायची, आणि मर्यादा पाच लाख.

हा शेवटचा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘गरीब कोण’ हे शोधत बसलं की दोन चुका होतात. ज्याला गरज नाही तो यादीत शिरतो, आणि ज्याला गरज आहे तो बाहेर राहतो. आयुष्मानची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेवरून बनली. त्यानंतर गाव सोडून इथे भाड्याच्या खोलीत राहायला आलेल्या माणसाचं नाव कुठे असेल? असलंच तर गावाकडे. त्याचं केंद्राचं कार्ड इथेही चालतं, पण ते असायला हवं ना. आणि राज्याच्या योजनेसाठी महाराष्ट्रातलं रेशनकार्ड किंवा रहिवासाचा दाखला लागतो. मिरा-भाईंदरसारख्या शहरात, जिथे अर्ध्या चाळीचा पत्ता दर अकरा महिन्यांनी बदलतो, तिथे ‘सर्वांसाठी’ हा शब्द कागदपत्रांपाशी अडतो.

पण आत काय आहे?

समजा, सगळे आत आले. आता विचारू, कशासाठी? या योजना प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. बायपास, कर्करोग, अपघात, डायलिसिस. ही मोठी गोष्ट आहे. पूर्वी अशा आजारात बायकोचे दागिने आणि गावची जमीन जायची. त्याला हिने आळा घातला, याचं मोल कमी करू नका.

आता दुसरा हिशोब मांडू. समजा, घरात एकाला मधुमेह आणि रक्तदाब आहे. गोळ्या, अधूनमधून तपासणी, डॉक्टरांची फी धरून महिन्याला दीड हजार जातात. वर्षाला अठरा हजार. दहा वर्षांत एक लाख ऐंशी हजार. या दहा वर्षांत पाच लाखांच्या कार्डातून एक रुपयाही मिळत नाही, कारण माणूस दाखल झालेलाच नाही. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस धरले आहेत, पुढे आपलं आपण. मग काय होतं? महिनाअखेरीस गोळी एक दिवसाआड होते. नंतर बंद होते. आणि एक दिवस पक्षाघात होतो किंवा मूत्रपिंड जातं. तेव्हा कार्ड धावून येतं!

म्हणजे सरकार डायलिसिसचे पैसे भरायला तयार आहे, पण ज्या गोळीने डायलिसिस टळलं असतं तिचे पैसे घरच्यांनी भरायचे. यात माणसाचं नुकसान आहेच, तिजोरीचंही आहे. आपल्या देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. चांगली गोष्ट आहे. पण जो वाटा उरलाय त्यात औषधं आणि बाह्यरुग्ण उपचार यांचा भाग मोठा आहे.

रुग्णालयाला पैसे कसे द्यायचे?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण योजना तरते की बुडते ते इथे ठरतं. प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक सलाइनचे वेगळे पैसे दिले, तर तपासण्या वाढतात. म्हणून आपल्या योजनेत पॅकेज आहे. अमुक शस्त्रक्रियेचे अमुक इतके, त्यात सगळं आलं. पण पॅकेज कमी असेल तर अंगीकृत रुग्णालय म्हणतं, ‘खाट शिल्लक नाही’, किंवा ‘हे औषध योजनेत बसत नाही, बाहेरून आणा’. आणि पॅकेज घसघशीत असेल तर नको ती शस्त्रक्रिया होते. छत्तीसगडमध्ये २०१२ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली गरज नसताना गर्भाशय काढल्याचं प्रकरण गाजलं, डॉक्टरांवर कारवाई झाली. आपल्या योजनेत काही प्रक्रिया केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवल्या आहेत, त्यामागे ही भीती आहे. तेव्हा दर ठरवताना कंजुषीही नको आणि डोळेझाकही नको.

थायलंडने काय केलं?

थायलंडमध्ये सरकारी नोकर आणि पगारदार कामगार यांच्या योजना आधीपासून होत्या. जे उरले, म्हणजे शेतकरी, फेरीवाले, रोजंदारीवाले, त्यांच्यासाठी २००१-०२ मध्ये सर्वांसाठी योजना आणली. तीस बाथ भरा आणि उपचार घ्या, अशी तिची प्रसिद्धी होती. त्यांनी या लोकांकडून हप्ता मागितलाच नाही, पैसा सरळ करातून आणला. ‘गरीब आहेस का?’ हे विचारलं नाही. दुसऱ्या योजनेत नाहीस, म्हणजे या योजनेत आहेस. संपलं!

प्रत्येकाचं नाव जवळच्या आरोग्यकेंद्राशी आणि तालुक्याच्या रुग्णालयाशी जोडलं. बाह्यरुग्ण सेवेसाठी त्या केंद्राला दरडोई ठरावीक रक्कम मिळते, माणूस आजारी पडो न पडो. मग गोळ्या वेळेवर देण्यात आणि माणूस बरा ठेवण्यात केंद्राचाच फायदा. दाखल रुग्णांसाठी आजारानुसार दर, पण एकूण खर्चाला वरून टोपी घातलेली. आज साडेचार कोटींहून जास्त लोक या योजनेत आहेत आणि तिथे लोकांच्या खिशातून जाणारा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे.

मात्र एक गोष्ट विसरू नका. योजना येण्याआधी कित्येक वर्षं त्यांनी तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना खेड्यांत पाठवलं होतं. विमा म्हणजे पैसे देण्याची पद्धत. जवळ दवाखानाच नसेल तर पैसे देणार कुणाला? आपल्याकडचा माणूस अजूनही सकाळची लोकल पकडून कांदिवलीचं शताब्दी किंवा परळचं केईएम गाठतो. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो.

तेव्हा कुठलीही योजना जाहीर झाली की रक्कम किती हे नंतर बघा, आधी चार गोष्टी विचारा. आत यायला काय सिद्ध करावं लागतं? पैसा हप्त्यातून येतो की करातून? रोजची गोळी आत आहे का? आणि दवाखान्याला पैसे माणूस बरा ठेवण्याचे मिळतात की फक्त कापाकापीचे? महाराष्ट्राने पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं दिलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले, तेही योग्य दिशेचं पाऊल. पण मोफत दवाखाना एकीकडे आणि कार्ड दुसरीकडे असं चालणार नाही. खारीतल्या माणसाचं कार्ड खारीतल्याच दवाखान्याशी जोडलेलं हवं, आणि त्या दवाखान्याला त्याच्या साखरेचा, रक्तदाबाचा हिशोब द्यावा लागला पाहिजे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, आम्ही खासगी विमा घेतलाय. मग आम्हाला याचं काय?

उत्तर : घेतलात ते बरं केलंत, चालू ठेवा. पण वय वाढेल तसा हप्ता वाढत जातो, हे तुम्ही बघत असालच. नोकरी आहे तोवर कंपनीचा विमा, आणि सगळ्यात जास्त गरज लागते ती निवृत्तीनंतर. शिवाय रोजची औषधं बहुतेक पॉलिसींतही नसतात. मध्यमवर्ग सार्वजनिक योजनेत आला की तिथे प्रश्न विचारणारी माणसं वाढतात, त्याने सेवा सुधारते. फक्त गरिबांसाठी म्हणून चालवलेली सेवा हळूहळू गरीबच होत जाते.

प्रश्न : पण एवढा पैसा येणार कुठून?

उत्तर : रास्त प्रश्न आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं होतं की सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. फिलिपिन्सने २०१२ साली तंबाखू आणि दारूवरचा कर वाढवला आणि त्यातला मोठा भाग गरिबांच्या आरोग्य विम्याला लावला. वाटा आहेत. आणि हेही लक्षात घ्या, पैसा आजही खर्च होतोच आहे. तो घराघरांतून, एकेकट्याने, आजार अंगावर आल्यावर खर्च होतोय. तोच आधी, सगळ्यांनी मिळून जमवायचा, एवढंच मागणं आहे.