जुनी गाडी, घरचा हात (भाग ७) : ट्यूबलाइटखालचे आरपीएम मीटर

मागच्या भागात आपण डेल्कोचे (डिस्ट्रिब्यूटरचे) झाकण उघडून पॉइंट घासले आणि गॅप लावली. ते काम अजून केले नसेल, तर आजचा भाग नुसता वाचून ठेवा. आरपीएम मीटर चालते ते पॉइंटच्या ठोक्यांवर. ठोकाच अडखळत असेल, तर काटा खरे कुठून सांगणार?

रायपूरच्या समता कॉलनीतल्या आमच्या पोर्चमध्ये बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी उभी असते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. चार सिलिंडर, १०८९ सीसी. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. रायपूरमध्येही आता घरोघरी जपलेल्या थोड्याच उरल्यात. आमच्या गाडीत आरपीएम मीटर नव्हते, गिअर कानाने बदलायचा. पण जुने इंजिन जपायचे, तर ते किती फेऱ्यांवर धापा टाकते हे डोळ्यांना दिसलेले बरे. म्हणून स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचे एक जुने मीटर मिळवले आणि डॅशबोर्डखाली पट्टी ठोकून बसवले.

हे मीटर मोजते काय, ते आधी समजून घेऊ. फोर-स्ट्रोक, चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीला दोन ठिणग्या पडतात. म्हणजे ३००० फेऱ्यांना मिनिटाला ६००० ठिणग्या, सेकंदाला १००. पॉइंट उघडला की मीटरला एक ठोका मिळतो आणि दर ठोक्याला मीटरमधले सर्किट ठरलेल्या मापाची एक वाटी करंट काट्याच्या कॉइलमध्ये ओतते. वाटी बदलत नाही, सेकंदाला किती वाट्या पडल्या एवढेच बदलते. काटा त्यांची सरासरी दाखवतो. कॅलिब्रेशन म्हणजे या वाटीचे माप बरोबर करणे. बाकी काही नाही.

आता वायरिंग. स्मिथ्सच्या डायलवर तळाशी बारीक अक्षरांत ‘आरव्हीआय’ किंवा ‘आरव्हीसी’ असे छापलेले असते. जोडणी कशी करायची ते या तीन अक्षरांवर ठरते. आरव्हीआय जुने. त्यात किल्लीकडून इग्निशन कॉइलला जाणारी तार मीटरच्या पाठीमागच्या वेटोळ्यातून फिरवून पुढे कॉइलकडे न्यायची. कॉइलचा तीन-चार अँपिअर करंट सगळा तिच्यातून जातो, म्हणून तार मूळ तारेइतकीच जाड हवी आणि जोड घट्ट हवेत. ती निसटली की इंजिन बंद. वेटोळे उलट्या दिशेने फिरवले तर काटा नीट चालत नाही. आरव्हीसी सोपे आहे. कॉइलच्या ज्या टोकाकडून तार डेल्कोला जाते, तिथून एक बारीक तार मीटरला आणायची. पद्मिनीत हे टोक मायनस. दोन्ही प्रकारांत मीटरचा स्वतःचा प्लस किल्लीनंतरच्या फ्यूजमधून घ्यायचा आणि अर्थ बॉडीच्या रंग खरवडलेल्या जागी बांधायचा. रंगावर बांधलेला अर्थ हा काटा नाचण्याचे पहिले कारण असतो.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. साठच्या दशकातल्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस अर्थला असे. आपल्या पद्मिनीत मायनस अर्थला आहे. प्लस-अर्थचे मीटर तसेच जोडले, तर आतले ट्रान्झिस्टर जातात. आधी मीटर कोणत्या अर्थचे आहे ते पाहा, मग बॅटरीचे टर्मिनल सोडा आणि मगच तारांना हात लावा.

आमचे मीटर आरव्हीसी निघाले. जोडले, गाडी सुरू केली, काटा उठला. पण इंजिनाचा आवाज चांगला चढलेला आणि काटा २००० वर. ज्या वर्कशॉपला दाखवले तिथे सांगितले की मीटर गेले, भंगारात द्या. मला ते पटेना. मेलेला काटा इतका स्थिर राहत नाही, आणि हा तर आवाजाबरोबर चढत-उतरत होता. तो खोटे बोलत होता, पण एकाच प्रमाणात. अशा वेळी मीटरला दोष देण्याआधी, इंजिन खरोखर किती फिरते आहे हे दुसऱ्या वाटेने मोजायला हवे.

ती वाट घराच्या भिंतीवरच होती. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, फिरत्या वस्तूवर मात्र दिसते. क्रँकच्या पुलीवर पांढऱ्या रंगाची एकच खूण करा आणि रात्री फक्त त्या ट्यूबच्या उजेडात पुलीकडे पाहा. एका फेरीत ट्यूब जितक्या वेळा उजळेल, तितक्या ठिकाणी खूण दिसेल. ६००० ला खुणांच्या संख्येने भागले की आरपीएम आले. सहा खुणा स्थिर दिसल्या तर १०००, चार तर १५००, तीन तर २०००, समोरासमोर दोन तर ३०००. खुणा फिरण्याच्या दिशेने हळूहळू सरकू लागल्या तर इंजिन किंचित जास्त, उलट सरकल्या तर किंचित कमी. ४००० वरही तीनच खुणा दिसतात, पण २००० आणि ४००० मधला फरक कान चुकवत नाही.

रात्री नऊला पोर्चमधला एलईडी मालवला आणि ट्यूब बॉनेटवर टांगली. मुलगी ॲक्सिलरेटरवर बसली, मी बाजूला उभा राहून पुलीकडे पाहत होतो. आधी नुसता पांढरट धूर दिसला, मग त्या धुरात ठिपके सुटे होऊ लागले. “तिथेच धर,” म्हणालो. दोन खुणा, वर एक नि खाली एक, जणू पुली उभीच आहे. मी विचारले, “काटा कुठे?” ती म्हणाली, “दोन हजार, बाबा.” इंजिन ३००० वर आणि काटा २००० वर!

हिशेब तिथेच जुळला. २००० म्हणजे ३००० च्या दोन तृतीयांश. मीटर सहा सिलिंडरच्या गाडीचे होते. त्या इंजिनात फेरीला तीन ठिणग्या पडतात, आमच्यात दोन. ठोके दोन तृतीयांश मिळतात, म्हणून वाटी दीडपट मोठी हवी. काचेभोवतीची रिंग अलगद फिरवली की तिच्या जिभळ्या खाचांसमोर येतात आणि ती निघते. आत वाटीचे माप ठरवणारा रेझिस्टर असतो आणि बारीक फरकासाठी एक प्रीसेट. दीडपट फरक एकट्या प्रीसेटच्या आवाक्यातला नव्हता. रेझिस्टर दीडपट किमतीचा घातला आणि उरलेले प्रीसेटने, बारीक स्क्रू-ड्रायव्हरने, केसभर फिरवत जुळवले.

विजेवर एवढा भरवसा ठेवावा का? आज ठेवावा. ग्रिडच्या नियमांत फ्रिक्वेन्सीचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा आहे. ४९.९० धरले तरी ३००० च्या जागी २९९४ होतात, आणि काट्याची जाडीच त्याहून जास्त भरेल. २००२ आधी मात्र आपल्या पश्चिम ग्रिडमध्ये फ्रिक्वेन्सी बरीच वरखाली होई. जनरेटर किंवा इन्व्हर्टरच्या विजेवर हे मोजमाप करू नका. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबवरही होणार नाही. ती इतकी जलद लुकलुकते की खूण दिसतच नाही.

काम करताना पोर्च उघडा ठेवा, सायलेन्सरचा धूर बंद जागेत जीवघेणा आहे. आणि स्थिर दिसणारी पुली खरी स्थिर नसते. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस पंख्यापासून लांब ठेवा. बोटाने खूण दाखवायला जाऊ नका.

शेवटी आमच्या मीटरने दिलेले आकडे असे : १००० ला ९५०, १५०० ला १५००, ३००० ला ३०००. खालची पन्नासची चूक तशीच ठेवली. जुन्या मीटरची दोन टोके एकदम जुळत नाहीत, आणि ज्या फेऱ्यांवर गाडी रोज चालते तिथे काटा खरा असला म्हणजे पुरे. तुमच्या घरी तांब्याच्या चोकची एखादी जुनी ट्यूब माळ्यावर पडली असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. पुढच्या आठवड्यात डायनॅमो आणि कटआउट उघडू, तेव्हाही ती लागेल.