पातेली वाजली की पाय दाराकडं का पळतात?

10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीकडचा 4.5 तीव्रतेचा भूकंपाचा धक्का नांदेडला जाणवला. अशा वेळी तरुण पोरगं हलत्या पंख्याकडं बघत बसतं. किल्लारीचा भूकंप भोगलेलं माणूस आधी अंगणात पोचतं आणि काय झालं ते मग विचारतं.

किल्लारीचा भूकंप झाला ती 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्यांवर आली. लातूर-उस्मानाबादेत सुमारे 10 हजार माणसं गेली. तो हादरा पायांनी इतकी वर्षं कुठं जपून ठेवला?

मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात आणि त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. 2023 च्या मेंदूच्या नकाशात पेशींचे 3 हजारांहून जास्त प्रकार निघाले! त्यातल्या दोघातिघांशीच आपलं काम आहे.

कानशिलाच्या आत खोलवर बदामाएवढा अमिग्डाला असतो. त्यातल्या काही पेशी धोक्याची हाळी देतात, तर शेजारच्या त्यांचा लगाम ओढतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जींच्या गटाने उंदरांना 10 दिवस रोज दोन तास जखडून ठेवलं. आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, अमिग्डालातल्या हाळीवाल्यांच्या मात्र फुटत गेल्या. पुढं तर आणखी नवल दिसलं. एकदाच जखडलं, तर दुसऱ्या दिवशी काहीच फरक नाही. पण दहाव्या दिवशी त्याच फांद्यांवर जोडणीचे नवे काटे उगवलेले! संकट सरून गेल्यावर भीतीला पालवी फुटत होती. भूकंपानंतर मदतीच्या गाड्या परत फिरतात त्या सुमारास, असं माझ्या मनात येऊन गेलं.

ही भीती ओसरते तेव्हाही सहसा पुसली जात नाही. लगामवाल्या पेशी नव्यानं शिकतात आणि तिला दाबून धरतात. म्हणून तर रात्री जड ट्रक गेला तरी ती उसळी मारते.

हिप्पोकॅम्पसमध्ये आणखी एक जात आहे, जागा ओळखणाऱ्या पेशींची. जॉन ओकीफ यांनी ती 1971 मध्ये उंदरांत दाखवली. प्रत्येक पेशी आपापल्या ठरावीक ठिकाणीच पेटते. उंदीर नव्या खोलीत नेला की नवा नकाशा बनतो. जुन्या खोलीत परत आणला की जुना पुन्हा उजळतो.

भूकंपानंतर किल्लारीसारखी गावं दुसरीकडं नव्यानं वसली, सरळ रस्ते आखून. जुन्या गावाचा नकाशा मात्र डोक्यात उरला असेल. तुमच्या घरात त्या काळचं कुणी असेल, तर त्यांच्यापुढं कागद-पेन्सिल ठेवा आणि जुन्या गावातली वेस, मारुतीचं देऊळ, आड कुठं होते ते काढायला सांगा.