काचेतली भाऊबंदकी

डॉमिनो डॅम्सेल दुकानात दिसतो तेव्हा शर्टाच्या बटणाएवढा असतो. काळा कुळकुळीत, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. स्वस्त, चिवट, पाणी थोडं बिघडलं तरी तग धरणारा. म्हणून खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडणाऱ्याच्या गळ्यात बहुतेकदा पहिला हाच पडतो. दोनेक महिन्यांनी हौसेने महागाचे दोन मासे आणून सोडावेत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकाची शेपटी कुरतडलेली आणि दुसरा पंपामागे दडून बसलेला. बटण तोवर जमीनदार झालेलं असतं.

यात त्याचा स्वभाव वाईट असं काही नाही. प्रवाळखडकावर लपायला कपार आणि चरायला चार हात जागा मिळाली, तरच मासा जगतो. ती जागा तो राखतो. घुसखोर आला की अंगावर धावून जातो, घुसखोर दोन-तीन मीटर पळतो, भांडण मिटतं. घरच्या चार फुटी टाकीत मावतं सुमारे 240 लिटर पाणी. त्यात पळणारा पळणार कुठे? हरलेला मासा जिंकणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच राहतो, म्हणून मार थांबत नाही.

पण मारायचं कोणाला, हे मासा ठरवतो कसं? प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1963 साली आक्रमकतेवर जर्मनमध्ये जे पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच प्रवाळमाशांपासून आहे. फ्लोरिडाच्या समुद्रात आणि घरच्या टाकीत त्यांना दिसलं, की हे भडक रंगांचे मासे परक्या जातीच्या शेजाऱ्याकडे बरंचसं दुर्लक्ष करतात, स्वतःसारखा दिसणाऱ्यावर मात्र तुटून पडतात. रंग म्हणजे जणू दुरून वाचता यावी अशी पाटी. पुढच्या अभ्यासकांनी याला मुरड घातली. सगळे भडक मासे भांडखोर नसतात आणि रंगांची कामंही अनेक असतात. तरी टाकी मांडणाऱ्याला उपयोगी पडणारा गाभा शिल्लक राहतोच. आपल्याकडे कज्जा होतो तो बांधाला बांध लागलेल्या भावकीशी. माशांचंही तसंच आहे. तेच खाणं, तीच कपार आणि तोच चेहरामोहरा असलेला, तोच वैरी.

चेहऱ्याचा हा न्याय किती आंधळा असतो पाहा. रॉयल ग्रामा हा कॅरिबियन समुद्रातला मासा, पुढून जांभळा, मागून पिवळा. बायकलर डॉटीबॅक पश्चिम प्रशांत महासागरातला, तोही पुढून जांभळा, मागून पिवळा. निसर्गात यांची गाठ पडणं शक्य नाही. टाकीत पडते, आणि डॉटीबॅक ग्रामाला जगू देत नाही. दुकानदाराने दोघांची जोडी छान दिसेल म्हणून सांगितलं, तर हसून पुढे जावं.

क्लाउनफिशचं गणित वेगळं. समुद्रफुलात त्यांचं एकत्र कुटुंब राहतं. सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर, बाकीची उमेदवार पोरं. सगळे जन्मतात नर होऊ शकणारे म्हणूनच. मादी मेली की नराची मादी होते आणि पोरांतलं थोरलं नर बनतं. हान्स आणि सिमोने फ्रिके यांनी 1977 साली हा लिंगबदल मांडला. पीटर बस्टन यांनी 2003 साली दाखवलं, की खालचे मासे आपली वाढच आवरून धरतात. वरच्याइतकं मोठं होणं म्हणजे आव्हान, आणि समुद्रफुलाबाहेर हाकललं जाणं म्हणजे मरण. (त्याच वर्षी आलेल्या ‘फाइंडिंग निमो’मध्ये आई गेल्यावर बापाची आई व्हायला हवी होती!) म्हणून क्लाउनफिश घ्यायचे तर दोनच, कोवळे, आणि एक दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा. मोठेपण आधीच ठरलेलं असलं की त्यासाठीची मारामारी कमी होते. दोन वाढलेल्या माद्या कधीही एकत्र आणू नयेत.

लायनफिश कोणाशी भांडत नाही. तोंडात मावेल ते गिळतो, इतकंच. मँडरिन तर इतका शांत, की लोक निर्धास्त होतात. पण तो दिवसभर खडकावरचे सूक्ष्म कोपेपॉड टिपत जगतो, आणि तेच टिपणारा चपळ रॅस शेजारी असला की मँडरिन अंगाला ओरखडाही न पडता उपाशी मरतो. समुद्रघोड्याचंही खाणं असंच संथ, पण त्याचा मोह आपल्याकडे तसाही नको. 2001 पासून तो आणि खरे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत.

निवडीइतकाच क्रम महत्त्वाचा. बुजरे आधी, दांडगे शेवटी. म्हणजे डॅम्सेल घ्यायचाच तर सर्वांत शेवटी, चिवट आहे म्हणून सर्वांत आधी नव्हे. नवा मासा सोडण्याआधी दगडांची मांडणी बदलली की जुन्याच्या हद्दीच्या खुणा पुसल्या जातात आणि त्यालाही नव्याने घर शोधावं लागतं. तरीही तो ऐकत नसेल, तर काचेला बाहेरून एक आरसा टेकवून ठेवतात. जुना जमीनदार दिवसभर त्यातल्या भाऊबंदाशी झुंजत राहतो, आणि तेवढ्यात नवा पाहुणा मागच्या कपारीत बिऱ्हाड मांडून घेतो.