मोटारसायकल घसरली : उठल्यानंतर काय करावे?



गळीत हंगामात आपल्या रस्त्यांची काय दशा होते, ते नव्याने सांगायला नको. फडातून निघालेल्या ट्रॉलीच्या चाकांबरोबर ओली माती डांबरावर येते, पाचट सांडते, कुठे एखादी मोळी पडलेली असते. अशा जागी पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की मोटारसायकल घसरलीच. वेग बेताचा असतो, म्हणून माणूस उठतो, कपडे झटकतो आणि "काय नाय, जरा खरचटलंय" म्हणून पुन्हा किक मारतो. टोळी फडात खोळंबलेली असते, दवाखान्यात जायला सवड कुणाला? परंतु किरकोळ अपघातातला खरा धोका पुष्कळदा पडताना नसतो, तो पुढच्या दोन दिवसांत असतो. म्हणून ही माहिती देत आहोत.

प्रथम रस्त्यातून बाजूला व्हावे. मागून भरलेली वाहने येत असतात. गाडीची किल्ली बंद करावी, कारण आडव्या गाडीतून पेट्रोल गळू शकते. जवळ कुणी विडी ओढत असेल तर त्याला दूर करावे. जखमी माणूस बेशुद्ध असेल किंवा मान, पाठ दुखते म्हणत असेल तर त्याला ओढून उठवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. ही मोफत रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे.

डोक्याला मार लागला असेल तर विशेष जपावे. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असले तरी माणूस पहिले काही तास नीट बोलतो, चहा पितो, आणि मग त्याला गुंगी येऊ लागते. दोन दिवस त्याला एकटे ठेवू नये. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, जास्तीची झोप, असंबद्ध बोलणे, झटके, एक बाहुली मोठी दिसणे, नाकातून वा कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्यावे. दारू देऊ नये. दुखण्याची किंवा झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

हँडल पोटात लागले असेल आणि पोटदुखी वाढत असेल, तर आत रक्तस्राव असू शकतो. वरून जखम नाही म्हणून गाफील राहू नये. पडताना आपण हात टेकतो. त्यामुळे अंगठ्याच्या बुडाशी मनगटात दुखत राहिले, तर तेथील लहान हाड मोडलेले असू शकते. ते पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, म्हणून दुखणे राहिल्यास डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावयास सांगतात. तेल लावून चोळून घेणे टाळावे.

खरचटलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन आतील माती-खडे काढावेत. हळद, चुना, चहाची पूड भरू नये. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात. मळकट जखम असून शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे झाली असतील, तर त्याच दिवशी इंजेक्शन घ्यावे.

आता गाडीविषयी. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, ब्रेकचे पेडल व गियरचा दांडा वाकला आहे का, चाक डगडगते का, हेडलाईट लागतो का, हे तपासावे. हँडल सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचा फोर्क वाकलेला समजावा आणि गाडी मिस्त्रीकडे ढकलतच न्यावी. डोके आपटले असेल ते हेल्मेट बदलावे. त्याच्या आतला थर्मोकोलसारखा थर एकदा दबून मार खातो. बाहेरून ते चांगले दिसले तरी दुसऱ्या वेळी उपयोगी पडत नाही. नवे घेताना आयएसआय खूण पाहावी.

शेवटी कागदपत्रे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर "आपसांत मिटवलं" म्हणून निघून जाऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणे, जागेवर पोलीस नसल्यास चोवीस तासांच्या आत ठाण्यात खबर देणे आणि विमा कंपनीस लेखी कळविणे ही चालकाची जबाबदारी आहे. समोरच्या वाहनाचा नंबर, जागा, वेळ व साक्षीदारांची नावे लगेच लिहून ठेवावीत. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च मिळत नाही, हेही ध्यानात असावे. जखमीला मदत करणाऱ्याने मात्र भिऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीने कायदाच त्याला संरक्षण देतो.

तोड एक दिवस मागे गेली तर ऊस फडात उभा राहील. माणूस मात्र घरी सुखरूप पोहोचला पाहिजे. हा मजकूर सभासदांनी घरातील तरुण मुलांना वाचून दाखवावा, ही विनंती.