पुढचा भाग येईपर्यंत

गोष्ट अजून लिहून पुरी व्हायची आहे आणि तिचा शेवट काय होणार यावर चार माणसे हिरिरीने वाद घालीत बसली आहेत, असे दृश्य दिसले की आपण त्यांना रिकामटेकडे ठरवून मोकळे होतो. महाराजपुरातील आमच्या घरात हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो. माझे आजोबा जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत कारकून होते. माणूस हिशेबी, मितभाषी. परंतु भूतनाथ हा मनुष्य मुळात सज्जन की दुर्जन, या प्रश्नावरून त्यांचा व माझ्या आत्याचा एकदा दोन दिवस अबोला झाल्याचे घरात सांगतात. हा भूतनाथ म्हणजे देवकीनंदन खत्री यांच्या हिंदी कादंबरीमालेतील एक पात्र. आजोबांच्या ट्रंकेत 'भूतनाथ'चे सहा भाग होते. सातवा नव्हता. बाजारात मिळत असूनही त्यांनी तो घेतला नव्हता. त्यामागचे कारण मी शेवटी सांगेन. कारण ते कळण्यासाठी अपुऱ्या कथेविषयीचे हे तर्क मुळात चालतात कसे, हे आधी पाहावे लागेल.

खत्री १८६१ साली बिहारातील पूसा येथे जन्मले आणि पुढे काशीत स्थायिक झाले. काशीनरेशांच्या मुलखातील चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या निमित्ताने पडक्या गढ्या, ओसाड वाडे व डोंगरांतील गुहा त्यांनी पायांखाली घातल्या, आणि ठेका सुटल्यावर त्या साऱ्या ओसाडीत राजपुत्र व राजकन्या वसवल्या. 'चंद्रकांता' १८८८ साली निघाली. तिच्या पुढच्या पिढीची कथा, म्हणजे 'चंद्रकांता संतति', १८९४ ते १९०५ या काळात चोवीस भागांत बाहेर पडली. तिच्यासाठी किती तरी उर्दू जाणणाऱ्यांनी हिंदी वाचायला शिकून घेतले, ही गोष्ट आचार्य रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदली आहे. या कथांत चेटूक असे फारसे नाही. आहेत ते ऐयार आणि तिलिस्म. ऐयार म्हणजे वेषांतरात निष्णात असा हेर. त्याच्या बटव्यात शत्रूला बेशुद्ध करण्याची भुकटी असते आणि शुद्धीवर आणणारा लखलखाही असतो. तिलिस्म म्हणजे यंत्रे, गुप्त दारे व भुयारे यांनी रचलेले खजिन्याचे स्थान. ज्याच्या नावे ते बांधले गेले असेल, त्याच्याच हातून ते फुटायचे. आम्हा जबलपूरकरांना हे पटायला जड जात नाही. मदनमहालाच्या सावलीत नऊ लाखांचे धन आणि सोन्याच्या दोन विटा पुरल्या आहेत, असे येथे पिढ्यानुपिढ्या म्हणत आले आहेत.

आता या रचनेचा वाचकावर होणारा परिणाम पाहा. ज्या कथेत कोणीही कोणाचे रूप घेऊ शकतो, तिच्यात समोर आलेली दासी ही दासीच असेल याची शाश्वती नसते. तीनदा फसलेला वाचक चौथ्या वेळी सावध होतो. ही बाई पाणी मागताना अडखळली का? या म्हाताऱ्याला वाड्याची मागील वाट कशी ठाऊक? वाचक अशा शंका घेऊ लागतो आणि त्या शंका मनात धरूनच पुढील भागाची वाट पाहतो. संशय घेण्याची ही विद्या त्याला लेखकानेच शिकवलेली असते. तेव्हा अशा मालेचे वाचक तर्क लढवतात याचे नवल वाटण्याचे कारण नाही. त्यांनी तर्क लढवला नसता तर लेखकाची मेहनत फुकट गेली, असे म्हणावे लागले असते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती आम्हा कचेरीतल्या माणसांना चटकन उमगेल. फाइलवर एकदा टिपण लिहून सही केली की ते पान फाडून टाकता येत नाही. पुढच्या पानावर तुम्ही खुलासा कराल, दुरुस्ती सुचवाल, पण मागचे पान तसेच राहते आणि वरिष्ठ नेमके तेच उघडतात. खंडाखंडाने लिहिणाऱ्या कादंबरीकाराची स्थिती अशीच असते. एकाच वेळी पुरे पुस्तक लिहिणारा लेखक शेवट सुचल्यावर आरंभ बदलू शकतो. मालेच्या लेखकाला ती मोकळीक नाही. छापून गेलेल्या भागांनी त्याचे हात बांधलेले असतात. वाचकाचा तर्क याच बंधनावर उभा राहतो. लेखकाने काय लिहून ठेवले आहे ते वाचकाजवळ आहे. आता यातून त्याला कोणकोणत्या वाटा उरल्या, एवढेच शोधायचे. नुसत्या कल्पनेच्या भराऱ्या आणि हा शोध यांत फार अंतर आहे.

याचा एक सुरेख दाखला इंग्रजीतील हॅरी पॉटरच्या मालेत सापडतो. तिचे मराठी व हिंदी अनुवाद आमच्याच प्रांतातल्या भोपाळच्या प्रकाशकाने काढले. मालेचा सहावा भाग जुलै २००५ मध्ये आणि सातवा, म्हणजे शेवटचा, जुलै २००७ मध्ये निघाला. सहाव्याच्या अखेरीस एक बनावट लॉकेट हाती येते आणि त्यातील चिठ्ठीखाली फक्त तीन आद्याक्षरे असतात : आर. ए. बी. हा कोण? दोन वर्षे जगभर खल चालला. चाणाक्ष वाचकांनी मागील खंड काढले. पाचव्या खंडात एका जुन्या घराची साफसफाई चालली असताना कोणालाही न उघडता आलेल्या एका जड लॉकेटचा जाता जाता उल्लेख होता. ते घर ब्लॅक कुटुंबाचे. म्हणजे 'बी' हे आडनाव 'ब्लॅक' असणार, आणि त्या घरातील रेग्युलस नावाचा मुलगा तर मरण पावला होता. इथवर झाले अनुमान. पुरावा आला तो अनपेक्षित दिशेने. डच अनुवादात ब्लॅक हे आडनाव भाषांतरून 'ज्वार्ट्स' असे केलेले होते, आणि त्या आवृत्तीतील चिठ्ठीवर शेवटचे अक्षर 'बी'ऐवजी 'झेड' आले. नॉर्वेच्या अनुवादातही ते त्या भाषेतील आडनावाप्रमाणे बदलले. भाषांतरकारांनी आपले काम चोख केले आणि त्या चोखपणातच गुपित फुटले! दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आम्हा लोकांना या गोष्टीत जरा अधिकच मौज वाटते.

त्याच दोन वर्षांत याहून मोठा वाद होता तो स्नेप नावाच्या अध्यापकाविषयी. तो नक्की कोणाच्या बाजूचा? मी तेव्हा पंचविशीत होतो, नोकरीत नुकताच लागलो होतो, आणि मित्रांमधील तो वाद ऐकताना मला एकसारखी आजोबा आणि आत्याची आठवण होई. कारण प्रश्न तोच होता. 'संतति'त भूतनाथ येतो तो संशयाचे धुके अंगावर घेऊन. तो मदत करतो, पण त्याच्या भूतकाळात काही तरी काळे आहे आणि ते उघडकीला येईल या धाकाने तो वेळोवेळी घसरतो. वाचकांचे कुतूहल या पात्राभोवती इतके दाटले की, त्याची जीवनकथा सांगणारी स्वतंत्र माला खत्रींनी १९०७ च्या सुमारास सुरू केली. तिच्यात त्याच्यावर दयाराम नावाच्या आपल्याच मित्राच्या खुनाचा आळ आहे. आजोबांचे म्हणणे, जो माणूस आपल्या अपराधाला इतका भितो तो मुळात दुष्ट असूच शकत नाही. आत्याचे म्हणणे, भीती ही पश्चात्तापाची खूण नव्हे, पकडले जाण्याची खूण आहे. दोघांनाही आधार त्याच पानांत सापडत असे.

येथे लेखकाच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. वाचकांनी बरोबर ओळखले तर त्याने काय करावे? अमेरिकन लेखक जॉर्ज मार्टिन यांच्या मालेचा पहिला खंड १९९६ साली आला. जॉन स्नो या मुलाची खरी आई कोण, हे कोडे वाचकांनी लवकरच सोडवत आणले. पुढे या मालेवर दूरचित्रवाणी मालिका करू इच्छिणाऱ्या दोघा निर्मात्यांना मार्टिन यांनी पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारला आणि त्यांची परीक्षा घेतली, असे ते निर्माते सांगत. वाचकांनी ओळखले एवढ्यावरून ठरलेला शेवट बदलू नये, असे मार्टिन यांचे मत. मला ते रास्त वाटते. वाट लावून ठेवलेल्या खुणा पुसता येत नाहीत. मग शेवटच तेवढा फिरवला तर त्या खुणा खोट्या ठरतात आणि लक्षपूर्वक वाचणाराच फसवला जातो. परंतु मार्टिन यांचा पाचवा खंड २०११ साली निघाला, आणि सहाव्याची वाट पाहणाऱ्यांना दहा वर्षांहून अधिक काळ नुसत्या आशेवर राहावे लागले. दरम्यान चित्रमालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली आणि २०१९ साली संपलीही. रागावलेल्या एका वाचकाच्या प्रश्नावर नील गेमन या लेखकाने २००९ मध्येच उत्तर दिले होते : एक पुस्तक विकत घेतले म्हणजे लेखकाशी पुढच्याचा करार झाला, असे नव्हे. कायद्याने हे बरोबर आहे. मला मात्र पूर्ण समाधान वाटत नाही. एखाद्याला दारापर्यंत नेऊन किल्ली आपल्या खिशात ठेवायची, आणि मग करार कुठे आहे असे विचारायचे, यात काही तरी खटकते.

मराठी वाचकाला ही हुरहूर नवी नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' साप्ताहिकातून आठवड्या-आठवड्याने येत. १८९० पासून पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत शनिवार त्यांच्यासाठीच उजाडत असावा. १९१९ साली हरिभाऊ गेले तेव्हा 'कर्मयोग'सारखी कादंबरी अपुरीच राहिली. इंग्रजीत डिकन्स १८७० साली वारले तेव्हा त्यांच्या शेवटच्या कादंबरीचे बारापैकी सहाच हप्ते लिहून झाले होते. एडविन ड्रूड नावाचा तरुण नाहीसा झालेला, आणि त्याचे काय झाले ते सांगणारा गेलेला. त्यावरचे तर्क शंभर वर्षांहून अधिक चालले. १९१४ च्या जानेवारीत तर लंडनमध्ये कथेतील संशयितावर चक्क खटला भरवण्यात आला. न्यायाधीश होते चेस्टरटन आणि पंचांचे प्रमुख बर्नार्ड शॉ. निकाल काय लागला म्हणाल, तर पंचांनी सदोष मनुष्यवधाचा ठपका ठेवला, आणि चेस्टरटन यांनी स्वतःखेरीज सर्वांना न्यायालयाच्या बेअदबीबद्दल दंड ठोठावला.

खत्रींच्या बाबतीतही असेच घडले. 'भूतनाथ'चे सहा भाग लिहून १९१३ साली ते वारले. भूतनाथावरील आळ खरा की खोटा, हे तसेच राहिले. पुढे त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लेखणी उचलली आणि माला एकविसाव्या भागापर्यंत नेऊन पूर्ण केली. आपल्या काळातील असे उदाहरण म्हणजे रॉबर्ट जॉर्डन यांची 'व्हील ऑफ टाइम' ही माला. जॉर्डन २००७ मध्ये गेले. मरणापूर्वी त्यांनी टिपणे करून ठेवली, काही प्रसंग सांगून लिहवले. त्यांच्या पत्नीने, ज्या त्यांच्या संपादकही होत्या, ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली आणि त्याने शेवटचे तीन खंड लिहून २०१३ मध्ये कथा संपवली. तेथे वाचक निदान म्हणू शकत होता की, शेवट मूळ लेखकाच्या मनातला आहे.

आजोबांचा आक्षेप नेमका याच ठिकाणी होता. दुर्गाप्रसादांवर त्यांचा राग मुळीच नव्हता. स्वतःची कथा लिहिणारा लेखक म्हणून ते त्यांना मानीत. ते म्हणत, बापाने ठेवलेल्या कोड्याला मुलाने दिलेले उत्तर हा मुलाचा तर्क झाला. तसा एक माझ्याजवळही आहे. म्हणून सातवा भाग त्यांनी घेतला नाही. सहाव्या भागाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी बारीक मराठी अक्षरांत पेन्सिलीने आपली अनुमाने लिहून ठेवली होती : क्रमांक घालून, प्रत्येकापुढे मागील भागांचे पृष्ठांक देऊन, कचेरीतील टिपणासारखी. पहिल्याच अनुमानापुढे दोन वेळा खाडाखोड आहे. ते दयारामाविषयी आहे.

१९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका सुरू झाली. पुस्तकाशी तिचे नाते बेताचेच होते, तरी रविवारी सकाळी आजोबा समोर बसत आणि दर पाच मिनिटांनी, "हे खत्रींनी लिहिलेले नाही," असे बजावीत. मी तेव्हा शाळेत होतो. मालिका पाहून मी ट्रंक उघडली, सुट्टीत सहाही भाग वाचले, आणि पुढे काय झाले हे कळल्यावाचून राहवेना म्हणून पैसे साठवून सातव्यापासूनचे भाग मिळवले. घरात ते लपवूनच वाचले.

पुढच्या वर्षी आजोबांचे डोळे गेले. संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. एके दिवशी त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "तू सातवा भाग वाचलास ना?" मी गप्प राहिलो. "वाचलास. तुझ्या बोलण्यावरून कळते. मग एवढेच सांग, दयारामाचे काय झाले?"

मी म्हटले, "आजोबा, सांगू खरेच? तुम्हीच नको म्हणत होता."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांब. आधी माझे काय म्हणणे आहे ते ऐक," आणि त्यांनी आपला तर्क पहिल्यापासून मांडायला सुरुवात केली. पाने त्यांना अजून पाठ होती. आई दिवा लावून गेली, जेवायची हाक आली, तरी ते मांडतच होते. शेवटी उठताना म्हणाले, "तुझे उद्या सांग." दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

दयारामाचे काय झाले ते मी येथेही सांगत नाही. ज्यांना हवे त्यांनी वाचावे. ते सहा भाग सध्या माझ्या मुलीकडे आहेत आणि ती चौथ्यात आहे. भूतनाथावर तिचा विश्वास नाही. याबाबतीत ती आत्यावर गेली आहे. सातवा भाग कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे. तिने तो अजून मागितलेला नाही.